एका चिठ्ठीवर किती माल

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या चाळिशीच्या इंजिनिअरने टर्बो सीचा निळा पडदा पाहिलेला नाही, असं सहसा होत नाही. डिप्लोमा असो की डिग्री, हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि लॅबमध्ये कंट्रोल-एफ९, हा क्रम ठरलेला. त्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत फाईलची प्रत काढण्याचे दोन प्रोग्राम आहेत. एक अक्षरामागून अक्षर उचलतो आणि दुसऱ्या फाईलमध्ये ठेवतो. दुसरा ५१२ बाइटचं एक भांडं घेतो आणि भांडंभर-भांडंभर डेटा हलवतो. परीक्षेला दोन्ही यायचे, तोंडपाठ व्हायचे. पण पुढे नोकरीत तोच प्रोग्राम दुसऱ्या कंपायलरवर बांधला की तो कधी झपकन संपायचा, तर कधी रेंगाळायचा. मग चहाच्या टपरीवर निकाल लागायचा: अमुक कंपायलर भिकार, तमुक कंपायलर भारी.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीच्या आरोपीला लागलेला असतो.

कंपायलरचं काम भाषांतराचं. सीमध्ये लिहिलेली ओळ तो प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत उतरवतो. मॅट्रिक्सचा गुणाकार असेल तर चांगला कंपायलर आणि सुमार कंपायलर यांच्यातला फरक लगेच दिसतो. फाईल मात्र कंपायलर वाचतच नाही. एफगेटसी किंवा एफरीड असं लिहिलं की ते काम कंपायलरसोबत आलेल्या लायब्ररीकडे जातं, लायब्ररी ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे सरकवते आणि ऑपरेटिंग सिस्टिम डिस्ककडे. या साखळीत कंपायलरच्या हुशारीला फारसा वाव नाही. ऑप्टिमायझेशनचा पर्याय कितीही वर चढवा, डिस्क आणि सिस्टिमचा वेळ तसाच राहतो.

एका यंत्रणेसाठी लिहिलेला कंपायलर दुसऱ्या यंत्रणेवर चालता केला की तो त्याचा पोर्ट. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ मध्ये बाहेर आणला तो युनिक्सच्या जगासाठी. पुढे त्याचे पोर्ट निघाले. डॉससाठी डीजेजीपीपी आला. विंडोजसाठी सिग्विन आणि मिनजीडब्ल्यू असे दोन वेगळ्या स्वभावाचे भाऊ आले. चिपांसाठी तर किती आले याला गणती नाही. या सगळ्यांत भाषांतर करणारा गाभा जवळजवळ तोच असतो. बदलते ती भोवतालची लायब्ररी आणि तिच्याखालची जमीन, आणि फाईलचा वेग ठरतो तिथेच.

तो कसा ठरतो हे पाहायला दापोडीत थांबू. बोपोडीकडून येताना हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. महामंडळाच्या अशा तीन कार्यशाळा, बाकीच्या दोन चिकलठाणा आणि हिंगणा इथे. नुसत्या चेसिसवर बसची बॉडी चढते ती अशा कार्यशाळेत. समजा, बॉडीवर काम करणाऱ्या फिटरला हजारभर रिवेट लागणार आहेत. प्रत्येक रिवेटसाठी तो स्टोअरच्या खिडकीवर चिठ्ठी घेऊन गेला, सही घेतली, एक रिवेट उचलला आणि परत आला, तर बस पुढच्या वर्षी बाहेर पडेल. तो एका चिठ्ठीवर डबाभर रिवेट आणतो, डबा शेजारी ठेवतो, डबा संपला की पुन्हा जातो. सीच्या लायब्ररीतला बफर म्हणजे हा डबा आणि सिस्टिम कॉल म्हणजे खिडकीवरची खेप. तुमचा प्रोग्राम एकेक अक्षर मागत असला तरी लायब्ररी डबाभर आणून ठेवते आणि त्यातून एकेक काढून देते.

आता प्रश्न एवढाच की डबा केवढा. इथे पोर्टांचे स्वभाव दिसू लागतात.

टर्बो सीचा डबा ५१२ बाइटचा. बोर्डांवर चालणाऱ्या न्यूलिब या लायब्ररीत ठरावीक आकार १,०२४. मायक्रोसॉफ्टच्या ज्या एमएसव्हीसीआरटी लायब्ररीवर मिनजीडब्ल्यूने बरीच वर्षं दिवस काढले, तिचा आतला डबा ४,०९६. डीजेजीपीपीचा १६ केबी, म्हणजे १६,३८४. एक एमबीची, म्हणजे १०,४८,५७६ बाइटची फाईल अक्षर-अक्षर वाचायची असेल तर टर्बो सी खिडकीवर २,०४८ वेळा जाईल, एमएसव्हीसीआरटी २५६ वेळा आणि डीजेजीपीपी ६४ वेळा. बफर अजिबात नसेल तर दहा लाखांवर खेपा. प्रोग्राम तोच, फाईल तीच, एकही ओळ बदललेली नाही.

याहून मोठा सापळा बफसिझ नावाच्या आकड्यात आहे. हा आकडा स्टँडर्ड हेडरमध्ये असतो. वर्षानुवर्षं प्रोग्रामर तो आपल्या भांड्याचा आकार म्हणून वापरत आले आहेत. फाईलची प्रत काढायची तर बफसिझ एवढा अॅरे घ्यायचा, रीड करायचं, राइट करायचं, संपलं. आकडा हेडरमधला म्हणजे लायब्ररीवाल्यांनी विचार करूनच ठरवलेला असणार, असा भाबडा विश्वास. एमएसव्हीसीआरटीच्या हेडरमध्ये हा आकडा ५१२ आहे, तिचा खरा डबा मात्र ४,०९६ चा! लिनक्सवरच्या जीलिबसीमध्ये आकडा ८,१९२, पण प्रत्यक्ष बफर ती फाईलप्रणालीला विचारून घेते आणि तो सहसा ४,०९६ निघतो. म्हणजे बफसिझवर विसंबलेला प्रत काढण्याचा प्रोग्राम लिनक्सवर एका एमबीसाठी १२८ वेळा वाचतो, तर मिनजीडब्ल्यूने बांधला की २,०४८ वेळा. हा फरक पाहून कुणी ‘विंडोजवरचा जीसीसी हळू’ म्हणालं, तर त्याने हेडर उघडून पाहिलेलं नाही एवढंच कळतं.

५१२ आला कुठून? बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाचण्या-लिहिण्याचं एक पॅकेज लिहिलं होतं. त्यातूनच आजची स्टँडर्ड आयओ लायब्ररी वाढली. तेव्हाचं युनिक्स पीडीपी-११ वर चालायचं आणि तिथे डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइटचा होता. डबा ब्लॉकएवढा ठेवणं शहाणपणाचंच होतं. पुढे पीसीच्या डिस्कवरचा सेक्टरही ५१२ चाच राहिला, टर्बो सीने तोच आकडा घेतला आणि नागपूरच्या पुस्तकातल्या प्रोग्राममध्येही तोच उतरला. डॉसच्या काळात त्यात चूक काहीच नव्हती. मेमरी ६४० केबी, त्यात प्रत्येक उघड्या फाईलमागे १६ केबी कोण देणार? चूक झाली ती नंतर, तोच आकडा सवयीने गिगाबाइटच्या यंत्रांवर नेला तेव्हा.

डीजेजीपीपीचा १६ केबी मात्र उदारपणातून आलेला नाही, त्याच्या अडचणीतून आलेला आहे. या पोर्टची जन्मकथाही ऐकण्यासारखी. १९८९ मध्ये युनिक्सवाल्यांच्या एका सभेत डीजे डेलोरी यांनी स्टॉलमन यांना विचारलं की जीसीसी डॉसवर नेता येईल का. उत्तर नकारार्थी आलं: डॉस १६ बिटांचं, जीसीसी मोठा, जमणार नाही. डेलोरी यांनी ते जमवून दाखवलं. पुढे १९९६ चा ‘क्वेक’ हा गेम डॉससाठी याच कंपायलरवर बांधला गेला.

जमवलं ते असं, की प्रोग्राम ३८६ च्या प्रोटेक्टेड मोडमध्ये चालवायचा आणि सगळी मेमरी त्याला द्यायची. पण फाईल वाचायची वेळ आली की डॉसकडे जावंच लागतं, आणि डॉस राहतं रिअल मोडमध्ये. त्याला पहिल्या एक एमबीपलीकडचं दिसतही नाही. म्हणून प्रत्येक वाचनाला प्रोसेसरने मोड बदलायचा, डॉसने डेटा खालच्या मेमरीतल्या एका हस्तांतर बफरमध्ये ठेवायचा, पुन्हा मोड बदलायचा आणि डेटा वर प्रोग्रामच्या जागेत उतरवून घ्यायचा. टर्बो सीच्या प्रोग्रामला हा खटाटोप नाही, तो डॉसच्याच घरात राहतो. म्हणजे एकेक खेप मोजली तर डीजेजीपीपी महाग पडतो. खेपा मोजल्या तर तो स्वस्त. ५१२-५१२ बाइट स्वतः रीडने उचलणारा प्रोग्राम त्याच्यावर अडखळतो आणि मोठ्या तुकड्यांत वाचणारा छान पळतो. हस्तांतर बफरही मुळात १६ केबीच असतो. स्टबएडिट नावाच्या छोट्या हत्याराने तो जवळजवळ ६४ केबीपर्यंत वाढवता येतो, पण हे ठाऊक असलेले लोक तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

विंडोजवरच्या दोन भावांची गोष्ट वेगळी. सिग्नस या कंपनीत १९९५ च्या सुमारास सुरू झालेला सिग्विन विंडोजवर युनिक्सचा पूर्ण संसार थाटतो. प्रोग्रामला वाटतं आपण युनिक्सवर आहोत. प्रत्येक फाईलचा मार्ग युनिक्सच्या पद्धतीतून विंडोजच्या पद्धतीत बदलायचा, परवानग्या जुळवायच्या, हे सगळं मधली डीएलएल करते. १९९८ मध्ये आलेल्या मिनजीडब्ल्यूला हा सोस नाही. तो थेट विंडोजच्या लायब्ररीवर बसतो. त्यामुळे एक मोठी फाईल मोठ्या तुकड्यांत वाचायची असेल तर दोघांत फार अंतर पडत नाही, कारण बहुतेक वेळ डिस्क आणि विंडोज खातात. दहा हजार बारीक फाईल उघडायच्या, त्यांची तारीख-आकार विचारायचा आणि बंद करायच्या, असं काम दिलं की सिग्विन मागे पडतो. शिवाय विंडोजवर अँटिव्हायरस प्रत्येक उघडणाऱ्या फाईलकडे डोकावतो, तो खर्च दोघांच्याही माथी.

आता टेक्स्ट मोड. युनिक्समध्ये ओळ एका बाइटने संपते, डॉस आणि विंडोजमध्ये दोन. म्हणून तिथल्या लायब्ररी टेक्स्ट मोडमध्ये लिहिताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बाइट घुसवतात आणि वाचताना काढून टाकतात. एक लाख ओळींची फाईल एक लाख बाइटनी फुगते आणि प्रत्येक बाइट तपासण्याचा वेळ जातो तो वेगळाच. वरून भर म्हणजे, वाचताना २६ हा बाइट दिसला की फाईल संपली असं समजलं जातं. चित्राची किंवा एक्झीची प्रत टेक्स्ट मोडमध्ये काढणाऱ्याला अर्धीच फाईल मिळते, आणि अर्धं काम केल्यामुळे तो प्रोग्राम तुलनेत सर्वांत वेगवान ठरतो! कानेटकरांचा ५१२ वाला प्रोग्राम बायनरी मोड आवर्जून मागतो तो याचसाठी. तुलना करताना दोन्हीकडे बायनरी मोड आहे की नाही, हे सगळ्यांत आधी पाहावं.

मराठीचा मजकूर असेल तर आणखी एक गंमत दिसते. ‘दापोडी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेतो: द, काना, प, ओकार, ड, वेलांटी अशी सहा चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट. जुन्या इस्की पद्धतीत हाच शब्द ६ बाइटमध्ये बसायचा. म्हणजे तोच मराठी मजकूर आज सुमारे तिप्पट बाइट वाहून नेतो. ५१२ ला ३ ने भाग जात नाही, २ उरतात. नुसत्या मराठी अक्षरांनी भरलेली फाईल ५१२ च्या तुकड्यांत वाचली तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी १७१ व्या चिन्हाचे दोनच बाइट हाती येतात, तिसरा पुढच्या खेपेत. नुसती प्रत काढायची असेल तर बिघडत नाही. पण तुकड्या-तुकड्यावर शोध किंवा बदल करणारा प्रोग्राम तिथेच अक्षर तोडतो. १,०२४ किंवा ४,०९६ घेतले तरी बाकी १ उरतेच, दोनच्या कोणत्याही घाताला ३ ने भाग जात नाही.

मोठा बफर नेहमीच चांगला, असं मात्र समजू नका. हिंजवडीच्या केपीआयटी कमिन्स कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला जीसीसीच्या पोर्टचं मोठं काम केलं. हिताचीच्या एच-८ आणि एसएच या चिपांसाठी (२००३ पासून त्या रेनेसास नावाखाली आल्या) विंडोजवर आणि लिनक्सवर चालणारी जीएनयू साधनं ही कंपनी बांधून फुकट द्यायची. पुण्यात बांधलेला कंपायलर जगभरचे एम्बेडेड प्रोग्रामर वापरत. या साधनांसोबत न्यूलिब यायची. आता एच-८ कुटुंबातली ३६६४ ही चिप घ्या. तिची रॅम सगळी मिळून २ केबी. न्यूलिबचा १,०२४ चा एक बफर उघडला की अर्धी रॅम गेली. तिथे प्रोग्रामर बफर बंद करतो किंवा ६४ बाइटवर आणतो, आणि ते योग्यच असतं. शिवाय बोर्डवर फाईल म्हणजे काय हेही ठरलेलं नसतं. न्यूलिब सगळं काम रीड, राइट अशा मूठभर फंक्शनांवर आणून सोडते, आणि ती फंक्शनं बोर्ड बनवणाऱ्याने स्वतः लिहायची असतात. राइट कुणी सीरियल पोर्टकडे वळवतो, कुणी फ्लॅश मेमरीकडे. वेग मग त्या दहा ओळींचा, कंपायलरचा नव्हे.

मोजमापातही घोळ होतो. टर्बो सीचं घड्याळ सेकंदाला १८.२ ठोके देतं, म्हणजे ५५ मिलिसेकंदांच्या आतलं त्याला काहीच दिसत नाही. विंडोजच्या लायब्ररीत क्लॉक हे फंक्शन भिंतीवरच्या घड्याळासारखा उलटून गेलेला सगळा वेळ सांगतं. लिनक्सवर तेच फंक्शन फक्त प्रोसेसरने राबलेला वेळ सांगतं, डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरतच नाही. एकाच नावाचं फंक्शन वापरून दोन्हीकडे आकडे घेतले आणि शेजारी-शेजारी मांडले, तर त्या तुलनेला काडीचाही अर्थ नाही. फाईलच्या कामात तर मुळीच नाही, कारण वाट पाहणं हाच तिथला मुख्य खर्च. दुसऱ्यांदा चालवलेला प्रोग्राम जलद वाटतो तो फाईल आता मेमरीतल्या कॅशमध्ये आहे म्हणून. लिहिण्याच्या बाबतीत राइट परत आलं म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असंही नाही. ते पक्कं करायचं असेल तर एफसिंक करावं लागतं, आणि मग आकडे एकदम जमिनीवर येतात.

६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचा टर्बो सी चालत नाही, म्हणून पुढे कॉलेजांनी तो डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवला. डॉसबॉक्स मुळात जुन्या खेळांसाठी केलेला. साध्या रिअल मोडमध्ये तो प्रोसेसरचा वेग मुद्दाम ३,००० सायकलवर धरून ठेवतो, म्हणजे डॉसच्या काळातलं यंत्र वाटावं. कंट्रोल-एफ१२ दाबून तो वाढवता येतो. त्या खिडकीत टर्बो सी मोजणारा विद्यार्थी टर्बो सी मोजत नसतो, डॉसबॉक्सचं एक सेटिंग मोजत असतो. हल्ली हाच घोटाळा विंडोजमधल्या लिनक्सबाबत होतो. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत फाईल लिनक्सच्या स्वतःच्या जागेत असेल तर काम झटपट होतं, विंडोजच्या सी ड्राइव्हवर असेल तर प्रत्येक हाक दोन यंत्रणांच्या मधल्या पुलावरून जाते आणि वेळ वाढतो. कंपायलर दोन्हीकडे तोच.

हे सगळं दापोडीच्या पुढे, भोसरीच्या शेडमध्ये नेऊन पाहू. जुन्या सीएनसी मशीनची मेमरी कमी असते. साच्याचा मोठा जी-कोड त्यात मावत नाही, म्हणून पीसीवरून आरएस-२३२ च्या तारेने ओळीमागून ओळ सोडतात. याला तिथे ड्रिप फीड म्हणतात. कुणीतरी कधीकाळी सीमध्ये लिहिलेला एखादा प्रोग्राम हे काम करत असतो, आणि मशीन मध्येच थबकलं की संशय प्रोग्रामवर येतो: नव्या कंपायलरवर बांधून घेऊ, वेग येईल. हिशेब करून पाहा. ९,६०० बाउडवर एका अक्षराला सुरुवात-शेवटाचे बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एक एमबीचा प्रोग्राम जायला १८ मिनिटं. तीच फाईल पीसीवर टर्बो सीने वाचली काय, मिनजीडब्ल्यूने वाचली काय, वाचण्याचा वेळ या १८ मिनिटांपुढे कुठेच नाही.

तेव्हा असा प्रोग्राम तुमच्याकडे असेल, तर कंपायलर बदलण्याआधी तीन गोष्टी करा. फाईल बायनरी मोडमध्ये उघडली आहे का ते पाहा. उघडल्याबरोबर, पहिलं वाचन होण्याआधी, सेटव्हीबफची एक ओळ टाकून ६४ केबीचा बफर द्या (डॉससाठी बांधत असाल तर १६ केबी पुरे). आणि स्वतःच्या कोडमध्ये ५१२ किंवा बफसिझ लिहिलेलं कुठे आहे का ते शोधून काढा. एवढं करूनही काटा हलला नाही, तर सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. कंट्रोलरच्या पॅरामीटरच्या पानावर बाउड रेट १९,२०० किंवा ३८,४०० करता येतो का ते पाहा, आणि चालत असेल तर पीसीकडचा आकडाही तितकाच ठेवा.